संत बहिणाबाई : पतिसेवा, स्वधर्म आणि श्रद्धा

मागे एकदा हिवाळ्यात वसई-विरारकडे अटनास जाणे झाले. खानदेश, वऱ्हाड आणि मराठवाडा सोडून कामधंद्यानिमित्त त्या भागात स्थायिक झालेल्या वासनिकांच्या एका वस्तीत रुक्मिणीस्वयंवराचे निरूपण होते. रुक्मीने आपल्या बहिणीचा विवाह शिशुपालाशी ठरविला, रुक्मिणीने विप्राच्या हाती पत्रिका पाठविली, श्रीकृष्ण चक्रवर्तींचा रथ कुंडिनपुरास आला, आणि अंबिकेच्या देवळातून निघालेली ती राजकन्या द्वारकेस गेली, हे प्रकरण सांगून झाले. मंडळी पांगल्यावर एक प्रौढ बाई दंडवत घालून बसून राहिली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने एकच गोष्ट विचारली. रुक्मिणीसाठी रथ आला. पण जिच्यासाठी रथ आला नाही, जिला शिशुपालाच्याच घरी नांदावे लागले, आणि तरीही जिच्या मनातून देव गेला नाही, अशा स्त्रीने काय करावे?

हा प्रश्न पोथीतून आलेला नव्हता हे उघड होते. नवरा हाच देव, मार हेच प्रारब्ध, आणि सोसणे हीच भक्ती, असा उपदेश तिला पुष्कळांनी केला होता. त्या रात्री मी तिला जे उत्तर दिले ते माझे मलाच अपुरे वाटले. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराची भर होय. ते उत्तर मी एका चरित्रातून शोधीत आहे, आणि ते चरित्र आपल्या मार्गातील नाही. शिऊरच्या बहिणाबाई या वारकरी, तुकोबांच्या शिष्या होत. (जळगावच्या ओवीकर्त्या बहिणाबाई चौधरी त्या वेगळ्या.) त्यांची उपासना आपली नव्हे, त्यांचे सिद्धांतही सर्वांशी आपले नव्हेत. परंतु विवाहात धर्म कसा अडकतो व कसा सुटतो, हे ज्या स्त्रीने स्वतः भोगून स्वतःच्या अभंगांत नोंदवून ठेवले तिच्याकडे पाहताना पंथाची कुंपणे आड येण्याचे कारण नाही.

जन्म आणि विवाह

वेरूळच्या परिसरात, आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, देवगाव नावाचे गाव आहे. रंगाऱ्यांचे देवगाव म्हणून ते ओळखले जाते. तेथील कुलकर्णी आऊजी व त्यांची पत्नी जानकी यांच्या पोटी शके १५५० म्हणजे इ. स. १६२८ च्या सुमारास बहिणा जन्मास आली. मूल व्हावे म्हणून आईबापांनी बरेच अनुष्ठान केले होते. त्यामुळे मुलगी असूनही तिच्या जन्माचे कौतुक झाले. घर वैदिक परंपरेचे होते व गावात मान होता.

तीन वर्षांची असताना तिचा विवाह झाला. वर शिऊर गावचा, पाठक आडनावाचा, तीस वर्षांचा बिजवर होता. त्याचे वेदाध्ययन झालेले होते व ज्योतिषावर त्याची उपजीविका चाले. त्या काळाच्या मापाने हा विवाह वावगा नव्हता. कुळ उत्तम, वर विद्वान, पत्रिका जुळलेली. आईबापांनी आपले कर्तव्य चोख पार पाडले असेच सर्वांनी म्हटले असेल. ज्या मुलीला विवाह या शब्दाचा अर्थही कळत नव्हता तिला मात्र कोणी काही विचारले नाही, आणि विचारून उपयोगही नव्हता. येथे कोणा एका व्यक्तीचा दोष काढता येत नाही. दोष असेल तर तो असा, की सर्वांनी आपापले कर्तव्य केले आणि त्या कर्तव्यांचा एकत्रित भार एका अर्भकावर पडला.

देशत्याग

बहिणा नऊ वर्षांच्या आसपास असताना भाऊबंदकीचा कलह व कर्ज यांमुळे आऊजींना गाव सोडावे लागले. जावई मदतीस आला, आणि आईबाप, मुलगी व जावई असे कुटुंब रात्री बाहेर पडले. गोदातीराने वाटचाल करीत, पडेल ते काम व मिळेल ती भिक्षा यांवर गुजराण करीत ही मंडळी दक्षिणेकडे निघाली. वाटेत पंढरपूर घडले, शिखर शिंगणापूर घडले. भिक्षा मागणे पुरुषांना लाजिरवाणे वाटे, पण लहानग्या बहिणेच्या मनात या प्रवासाने वेगळेच बीज पेरले. कीर्तन, पुराणश्रवण आणि साधुसंतांचे दर्शन यांची गोडी तिला येथे लागली. खेळण्याच्या वयात तिला खेळ नकोसे झाले आणि नामस्मरण हवेसे झाले, असे तिच्या निवेदनावरून दिसते.

रहिमतपुरास पाठकांना काही काळ वृत्ती मिळाली. तेथील वृत्तिवंत काशीस गेला होता, त्याच्या जागी त्यांनी काम पाहिले. तो परत आल्यावर कुटुंब पुन्हा निराधार झाले आणि कोल्हापुरास आले. तेथे हिरंभट नावाच्या वेदसंपन्न ब्राह्मणाने त्यांना आपल्या घरी आसरा दिला. बहिणा तेव्हा अकरा वर्षांची होती.

कोल्हापूर

कोल्हापुरातील प्रकरण हे या चरित्राचे हृदय आहे, म्हणून तेथे थोडे थांबले पाहिजे.

हिरंभटांस दानात एक कपिला गाय मिळाली होती. ती त्यांनी पाठकांना दिली. गाईला वासरू होते आणि त्या वासराला बहिणेचा विलक्षण लळा लागला. ती पाणी आणावयास निघाली की ते मागे चाले, ती दृष्टीआड झाली की चारा सोडी. त्या दिवसांत कोल्हापुरात जयरामस्वामी वडगावकर यांची कीर्तने चालू होती. बहिणा आईबापांबरोबर कीर्तनास जाई आणि वासरूही तिच्या मागोमाग तेथे येई. एके दिवशी गर्दीमुळे वासराला बाहेर काढून बांधले, तेव्हा त्याने हंबरडा फोडला व इकडे मुलगीही रडू लागली. जयरामस्वामींनी वासरू आत आणविले आणि मुलीच्या व वासराच्या मस्तकावरून हात फिरविला. यांना पूर्वजन्मीचे काही अनुसंधान आहे असे त्यांनी जमलेल्या लोकांस सांगितले.

एवढ्याचा गावात बोभाटा झाला. ही वार्ता पाठकांच्या कानी गेली ती अर्थातच तिखटमीठ लावून गेली. विद्वान म्हणवणाऱ्या त्या गृहस्थाने मुलीची वेणी धरून तिला गुरासारखे मारले व बांधून ठेवले. आईबाप घरातच होते, हिरंभट घरातच होते. अडविण्याचा प्रयत्न झाला, पण नवऱ्याचा हात धरण्याचा अधिकार त्या काळी कोणासच नव्हता. चारापाणी सोडले ते फक्त गाईने आणि वासराने. पुढे काही दिवसांतच ते वासरू मेले. बहिणा कित्येक दिवस शुद्धीवर नव्हती.

त्या अवस्थेत तिला तुकोबांचे दर्शन झाले. त्यांना तिने प्रत्यक्ष कधी पाहिलेले नव्हते, जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांची पदे मात्र ऐकली होती. स्वप्नात त्यांनी मस्तकी हात ठेवला व मंत्र दिला. शुद्धीवर आलेली मुलगी पूर्वीची राहिली नव्हती. लोक दर्शनास येऊ लागले आणि नवऱ्याचा क्रोध अनावर झाला.

क्रोधाची कारणे दोन होती आणि ती वेगळी करून पाहिली पाहिजेत. एक कारण साधे होते. आपल्यापेक्षा आपल्या पोरवयाच्या बायकोला लोक अधिक मानतात, पुढे आपल्याला कोण विचारणार, हा मत्सर. दुसरे कारण त्याला शास्त्राधारित वाटत होते. वेदपाठी ब्राह्मणाच्या पत्नीने शूद्राला गुरू करावे हा त्याच्या मते धर्माचा भंग होता. मत्सराला शास्त्राचे वस्त्र मिळाले म्हणजे तो किती निर्भय होतो याचे हे उदाहरण होय. पाठकांनी घर सोडून तीर्थाटनास जाण्याचे ठरविले. पत्नी गरोदर होती. तिला सासूसासऱ्यांच्या हवाली करून, पुन्हा तोंड न पाहण्याच्या निश्चयाने ते निघण्याची तयारी करू लागले.

वचनाचे प्रकरण

याच ठिकाणी बहिणाबाईंचे ते प्रसिद्ध पतिव्रताधर्माचे अभंग येतात. पतीची सेवा हाच आपला देव, त्यावाचून तीर्थव्रत व्यर्थ, दगडाचा विठोबा आणि स्वप्नातला तुका यांसाठी समोरचा पती का दुरावावा, अशा आशयाचा निर्धार त्यांत आहे. गेली कित्येक वर्षे हे अभंग वेगळे काढून स्त्रियांना ऐकविले जातात. एवढ्या मोठ्या संत स्त्रीनेही शेवटी पतीलाच देव मानले, मग तुम्ही कोण, असा त्यांचा उपयोग केला जातो. वसईच्या त्या बाईला मिळालेला उपदेशही बहुधा अशाच वाटेने आलेला असावा.

सूत्राचे प्रकरण पाहिल्याशिवाय सूत्राचा अर्थ करू नये, ही आपल्या भाष्यपरंपरेची पहिली शिस्त आहे. सर्वज्ञांनी कोणते वचन कोणास, कोणत्या स्थळी, कशावरून निरोपिले हे आपल्या आचार्यांनी एवढ्या कष्टाने का जपले? वचन जागेवरून हलविले की ते उलटे होते, म्हणून. ही शिस्त दुसऱ्या पंथाच्या वाङ्मयास लावू नये असे थोडेच आहे? तेव्हा प्रकरण पाहू. बोलणारी मुलगी बाल्यातून नुकतीच बाहेर पडलेली आहे. ती गरोदर आहे. आईबाप स्वतः परक्याच्या घरात आश्रित आहेत. नवरा गेला तर समाजात तिला ना विधवेचे स्थान ना सौभाग्यवतीचे. मार खाल्लेले अंग अजून दुखते आहे. अशा क्षणी काढलेला उद्गार हा सिद्धांत म्हणून घ्यावयाचा, की संकटातील स्त्रीचा आकांत म्हणून?

दुसऱ्या बाजूचे वाचकही येथे घाई करतात. बहिणा हरली, तिने देव सोडून नवरा धरला, असे ते म्हणतात. तेही बरोबर नाही. ती वाकली हे खरे आहे, आणि ते तिने लपविलेले नाही. पण ज्याच्यासाठी वाकली त्याच्यावर तिचा राग नव्हता, हेही खरे आहे. तो आपल्याला सोडून जाणार या विचाराने तिचा जीव कासावीस झाला, यात केवळ भीती नव्हती. ज्याने आपल्याला मारले त्याच्याविषयीही माया असू शकते. संसारातील ही गोष्ट न्यायशास्त्रात बसत नाही, तरी ती असते. ती माया म्हणजे माराला दिलेली संमती नव्हे. या दोन गोष्टींतला भेद उपदेशकांनी विसरू नये, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

पुढील प्रकरण तर वेगळे काढणारे कधीच ऐकवीत नाहीत. निघण्याच्या सुमारास पाठक आजारी पडले. दाहज्वराने महिनाभर अंथरूण सुटले नाही. औषधे चालली नाहीत. बहिणेने रात्रंदिवस शुश्रूषा केली. त्या आजारात पाठकांच्या मनास प्रश्न पडला, की आपण कोणाचा अपमान केला? त्यांनी स्वतःच उत्तर काढले, की तुकोबांची निंदा केली, पत्नीच्या भक्तीची निंदा केली. एका वृद्ध ब्राह्मणाने येऊन त्यांना समजाविले आणि नंतर ज्वर उतरला, असे निवेदनात आहे. उठल्यावर पाठकांनी घर सोडण्याचा बेत रद्द केला आणि सर्वांनी देहूस जाऊन तुकोबांच्या चरणी लागावे असे ठरविले.

म्हणजे या कथेत बदलावे लागले ते कोणाला? बहिणेला नव्हे. तिने सेवा दिली, श्रम दिले, मायाही दिली. पण श्रद्धा तिच्याजवळच राहिली. ज्याला बदलावे लागले तो पती होता. हा भाग गाळून केलेले निरूपण हे अर्धे निरूपण, आणि अर्धे निरूपण हे असत्याहून अधिक फसवे असते.

देहू

देहूस पोहोचल्यावर इंद्रायणीत स्नान करून पाठकांनी देवळात आरती करीत असलेल्या तुकोबांना साष्टांग नमस्कार घातला. एका वेदपाठी ब्राह्मणाचा तो नमस्कार सामान्य नव्हता. त्याचे मोल लगेच द्यावे लागले. देहूत मंबाजी गोसावी नावाचे मठाधिपती होते. त्यांनी या दांपत्याला आपला अनुग्रह घेण्यास सांगितले. आम्ही तुकोबांसाठी आलो आहोत असे उत्तर मिळताच त्यांनी छळ मांडला. ब्राह्मण असून शूद्राच्या पाया पडणाऱ्यांना वाळीत टाकावे, असे पत्र त्यांनी पुण्यास आप्पाजी गोसाव्यांकडे पाठविले. पाठकांची कपिला गाय त्यांनी कोंडून मारली, आणि त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, असे बहिणाबाई सांगतात.

येथे एक गोष्ट लक्षात येते. कोल्हापुरात पाठक जे बोलत होते तेच देहूत मंबाजी बोलत आहेत. शब्द तेच, शास्त्राचा आधार तोच. परंतु आता पाठक पत्नीच्या बाजूस उभे आहेत. जो नवरा लोकनिंदेने पेटला होता तोच आता लोकनिंदा सोसतो आहे. या दांपत्याचा खरा विवाह कोणत्या दिवशी झाला असे कोणी विचारले तर देवगावच्या मंडपाकडे मी बोट दाखविणार नाही. इंद्रायणीकाठच्या या दिवसांकडे दाखवीन. तेथेच त्यांना काशीबाई ही मुलगी झाली, पुढे विठोबा हा मुलगा झाला.

उत्तरायुष्य

तुकोबांच्या प्रयाणानंतर बहिणाबाई पुढे शिऊरास राहिल्या. त्यांनी प्रपंच केला, मुले वाढविली, शिष्य घडविले आणि विपुल अभंगरचना केली. वारकरी परंपरेला इमारतीचे रूपक देऊन ज्ञानदेवांना पाया व तुकोबांना कळस म्हणणारा जो अभंग महाराष्ट्राच्या तोंडी आहे तो त्यांचाच मानला जातो. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांची दुसरी एक रचना अधिक महत्त्वाची आहे. अश्वघोषाच्या नावावर असलेल्या वज्रसूची या संस्कृत ग्रंथाचा आशय त्यांनी मराठी अभंगांत आणला. ब्राह्मण कशाने होतो, या प्रश्नाचा त्यात विचार आहे. जन्माने नाही, देहाने नाही, वर्णाने नाही, केवळ पांडित्यानेही नाही, ब्रह्म जाणल्याने ब्राह्मण होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. ज्या युक्तिवादाच्या नावाखाली अकराव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या अंगावर हात पडला होता त्या युक्तिवादाला त्यांनी आयुष्यात असे उत्तर दिले. नवऱ्याशी भांडण केले नाही, पण प्रश्नही सोडला नाही.

स्त्रीदेहाविषयीची खंत मात्र त्यांच्या अभंगांत पुन्हा पुन्हा येते. वेदाचा अधिकार नाही, मंत्र गुप्त ठेवलेला, देह पराधीन, मग परमार्थ कसा साधावा, असे त्या विचारतात. हे वाचताना आपल्या मार्गाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. बहिणाबाईंच्या साडेतीनशे वर्षे आधी सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी स्त्रियांना अनुसरणाचा अधिकार दिला होता. महदाइसा प्रश्न विचारीत होती आणि तिला उत्तरे मिळत होती. ते दार बहिणाबाईंच्या काळी त्यांच्या परिसरात कोणी दाखविले असते तर त्यांनी काय केले असते, हा तर्क व्यर्थ आहे. परंतु ते दार आपल्याकडे उघडे होते याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आपल्या वस्तीतील एखादी दुःखी स्त्री प्रश्न घेऊन आली तर तिला ते दार दाखवितो की भिंत, याचाही विचार केला पाहिजे.

इ. स. १७०० मध्ये, शके १६२२ च्या आश्विन शुद्ध प्रतिपदेस, शिऊर येथे बहिणाबाईंनी देह ठेवला. अंतकाळ जवळ आल्यावर त्यांनी मुलाला जवळ बोलावून आपल्या मागील बारा जन्मांचा वृत्तांत सांगितला. तेराव्या जन्माचा, म्हणजे याच संसाराचा वृत्तांत त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. त्यात वेणी धरून मारल्याचा दिवसही होता. ज्या पतीबरोबर पुढे आयुष्य समाधानाने गेले त्याचा तो दिवस त्यांनी गाळला नाही, आणि त्या दिवसासाठी त्याला शापही दिला नाही. १९२९ मध्ये जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने त्या निवेदनाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि शिऊरच्या त्या बाईचे दुःख सातासमुद्रापार वाचले गेले.

उपसंहार

आता वसईच्या त्या प्रश्नाकडे वळू. रथ आला नाही तर काय करावे? बहिणाबाईंच्या चरित्रातून मला असे उत्तर दिसते. विवाहाने देहाचे श्रम बांधले जातात, घराची सेवा बांधली जाते. तो स्वधर्म निष्ठेने करावा. पण विवाहाने श्रद्धा दान केली जात नाही. कन्यादानात पित्याने जे दिले त्यात परमेश्वराशी असलेला जीवाचा संबंध नव्हता, कारण तो पित्याच्या मालकीचाच नव्हता. तो कोणी मागू नये व कोणी देऊ नये. दुसरे असे, की माराला धर्म म्हणू नये. बहिणाबाईंनी तो सोसला, पण त्याला पवित्र ठरविले नाही. लिहून ठेवला, म्हणजे साक्ष ठेवली. त्यांचा नवरा पालटला हे त्यांचे भाग्य होय, तो नियम नव्हे. ज्यांचे नवरे पालटत नाहीत त्यांना बहिणाबाईंचे नाव सांगून त्याच घरात परत ढकलणे हे बहिणाबाईंच्या नावाचा दुरुपयोग करणे होय. अशा स्त्रीला आईबापांनी, शेजाऱ्यांनी आणि आपल्यासारख्या भिक्षुकांनी आधी आसरा द्यावा, उपदेश नंतर करावा. हिरंभटाने घर दिले. पण त्या घरात नवऱ्याचा हात धरणारा कोणी असता तर ते दान पूर्ण झाले असते.

ही गोष्ट मी त्या रात्री सांगावयास हवी होती. हा अंक त्या वस्तीत जातो. तो तिच्या हाती पडावा, आणि तिच्या घरातील माणसांच्याही हाती पडावा, अशी प्रार्थना करून दंडवत प्रणाम.